सहल आखू या : अलिबागला येणारे ज्यू पाहुणे



नववीच्या वर्गाला आम्ही दरवर्षी सहलीच्या नियोजनाचा एक स्वाध्याय देतो. बहुतेक मुले पावागड-चांपानेर निवडतात, बसचे भाडे काढतात, जेवणाची पाने मोजतात आणि वही पुरी करतात. यात चूक काही नाही, पण सहल आपलीच असल्यामुळे कोणाला काय चालते आणि काय चालत नाही, हा प्रश्नच उभा राहत नाही. म्हणून या वेळी आम्ही पाहुणे दुसरे निवडले आहेत. समजा, इस्राएलमधून पंधरा ते सतरा वर्षांची चोवीस मुले-मुली आठवडाभरासाठी येणार आहेत. त्यांत चौदा मुलगे आहेत आणि दहा मुली. त्यांना मुंबई आणि कोकण पाहायचे आहे. पण नुसते पाहून परतायचे नाही, निम्मा वेळ कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे काम करायचे आहे. ही सहल तुम्हाला आखायची आहे.

ज्यू समाजात मुलांच्या अशा सहली जगभर निघतात. ‘तिक्कुन ओलाम’, म्हणजे मोडलेले जग दुरुस्त करणे, हा शब्द ही मुले लहानपणापासून ऐकत असतात. पाहणे आणि राबणे ही दोन्ही कामे एकाच प्रवासात करावीत, अशी त्यामागची कल्पना आहे. पण मग अलिबागच का? याचे उत्तर आपल्या भाषेशी जोडलेले आहे.

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतके राहिला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. हे नेमके केव्हा घडले याबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही. मात्र गावोगावी तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली जात, ही गोष्ट नक्की. घरात मराठी, नावात गाव. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर ही त्यांची आडनावे. पुण्यात 1874 साली त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. मुंबईत 1875 साली हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजाची शाळा सुरू केली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. इस्राएलची स्थापना 1948 साली झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली आणि दिमोना, अश्दोद, लोद, बेअर शेवा अशा गावांत स्थिरावली. 2011 च्या जनगणनेत संपूर्ण भारतात ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत भरली.

तेव्हा आपल्या चोवीस पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांचे आजी-आजोबा घरी मराठी बोलत असतील. नातवंडांना त्यातले चार शब्द येत असतील, तेही खाण्याचे. बडोद्यात राहणाऱ्या आपल्या पालकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता पहिला प्रश्न : केव्हा? इस्राएलमधील शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. त्या वेळी कोकणात मुसळधार पाऊस, समुद्र खवळलेला आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा बंद. 2020 सालापासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट सुरू झाली आहे. पण बोट चालली तरी गवतात बुडालेल्या दफनभूमीत काम कसे करणार? एप्रिलच्या आसपास वल्हांडणाची सुट्टी असते, पण त्या सणात आंबवलेले काही खायचे नसते, गव्हाची साधी पोळीसुद्धा नाही. परगावी चोवीस जणांची ती व्यवस्था करणे म्हणजे स्वयंपाक्याची परीक्षाच. उरतो हनुक्का. हा आठ संध्याकाळी दिवे लावण्याचा सण. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे आठव्या दिवशी आठ. त्या सुमारास तिकडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते आणि कोकणात हवा सुखाची असते.

पण हनुक्का इंग्रजी तारखेला बांधलेला नाही. ज्यू पंचांगाचे महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेले, अगदी आपल्यासारखे. आपण अधिक मास धरतो, तसे ते 19 वर्षांत 7 वेळा एक महिना जादा धरतात. म्हणून पहिला दिवा 2024 साली 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागला, तर 2025 साली 14 डिसेंबरला. 2026 साली ती संध्याकाळ 4 डिसेंबरची येते आणि 2027 साली 24 डिसेंबरची. एका गटाने वहीत नुसते ‘डिसेंबर’ असे लिहिले होते. 2027 ची तारीख धरली तर हे पाहुणे अलिबागला नेमके नाताळ ते एकतीस डिसेंबर या गर्दीत पोहोचतील. खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट, बोटीला रांगा आणि किनाऱ्यावर रात्रभर गाणी. आपण या अभ्यासासाठी 2026 चे वेळापत्रक धरू : रविवार 6 डिसेंबरला मुंबईत आगमन, रविवार 13 डिसेंबरच्या रात्री परतीचे विमान.

दुसरा प्रश्न शब्बाथचा, म्हणजे शनिवारचा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री आकाशात तारे दिसेपर्यंत कर्मठ घरांत वाहनात बसत नाहीत, विस्तव पेटवत नाहीत, खरेदी करत नाहीत, लिहीतही नाहीत. सगळी मुले सारखीच कर्मठ नसतील. पण गट एक असला की नियम सर्वांत कडक पाळणाऱ्याचा धरावा, असे आमचे मत आहे. एकाला खोलीत बसवून बाकीच्यांनी हिंडायचे, ही सहल नव्हे. याचा अर्थ असा की शुक्रवारी 11 तारखेला उतरण्याची जागा सिनेगॉगपासून पायी जाण्याच्या अंतरावर हवी. अलिबागला इस्राएल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग आहे. 1848 साली बांधलेले आणि 1910 साली नव्याने उभारलेले. मुक्काम त्याच्या आसपास धरा. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून बस चारच्या आत दारात लागली पाहिजे. अंघोळी आणि शनिवारचा स्वयंपाक शुक्रवारीच उरकायचा. शिवाय त्या संध्याकाळी हनुक्काचा आठवा दिवस, म्हणून आधी सणाचे आठ दिवे आणि मग शब्बाथचे दिवे, दोन्ही सूर्यास्तापूर्वी लागले पाहिजेत. दोन गटांनी शनिवार मोकळा दिसतो म्हणून त्या दिवशी श्रमदान ठेवले आहे! ज्या समाजाने शनिवारी घाणा थांबवला म्हणून त्याचे नाव शनिवार तेली पडले, त्याच्या नातवंडांना आपण नेमके शनिवारी कामाला जुंपणार?

जेवणाचे सोपे आहे. शाकाहार ठेवला की निम्म्या अडचणी संपतात. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, आणि मांस त्यांच्या विधीने कापलेलेच लागते. मासे चालतात, पण पर आणि खवले दोन्ही असलेलेच. म्हणजे सुरमई, पापलेट, रावस, बांगडा चालेल. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या नाही. कोकणच्या या ज्यूंनी आमटी-रश्शात गाईच्या दुधाऐवजी नारळाचे दूध घालून हा प्रश्न कधीच सोडवला होता. भांडी नवी घ्यावीत, पालेभाजी किडीसाठी नीट निवडावी आणि स्वयंपाकाला स्थानिक ज्यू कुटुंबातील कोणी मार्गदर्शन केले तर उत्तमच.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे काम. तुमच्या बहुतेक वह्यांमध्ये ‘गावातील शाळेत दोन दिवस इंग्रजी शिकवणे’ किंवा ‘शाळेच्या भिंती रंगवणे’ असे आहे. विचार करा, आपल्या शाळेत उद्या चोवीस परदेशी मुले आली आणि दोन दिवस आपल्याला शिकवून गेली, तर तिसऱ्या दिवशी काय उरेल? फोटो. आणि भिंत रंगवायला गावात रंगारी आहे, त्याचा दोन दिवसांचा रोज बुडेल. लांब मुदतीच्या सेवेची गोष्ट वेगळी. 2012 साली सुरू झालेल्या ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ या उपक्रमात ज्यू तरुण कळव्याच्या झोपडपट्टीतील मुलांसाठी काम करायला येत. तशा कामाला राहायला वेळ लागतो, प्रशिक्षण लागते, आणि मागे कायम काम करणारी स्थानिक माणसे लागतात. आठवड्याच्या पाहुण्याने असे काम धरावे, की जे आठवड्यात पुरे होते, स्थानिकांनी स्वतः मागितलेले असते, आणि जे या पाहुण्यांनाच जास्त चांगले जमते.

असे एक काम कोकणात आहे. जिथे जिथे बेने इस्राएल राहिले तिथे त्यांच्या दफनभूमी आहेत, आणि राखायला घरे थोडी उरली आहेत. दगडांवर मराठी आणि हिब्रू लेख आहेत. पावसाळ्यात झाडी वाढते, दगड शेवाळतात, अक्षरे झिजतात. मृतांची सेवा ही ज्यू परंपरेत सर्वांत निखळ सेवा मानतात, कारण ज्याच्यासाठी ती करायची तो परतफेड करू शकत नाही. तेव्हा या मुलांनी दगड स्वच्छ करावेत, लेख उतरवून घ्यावेत, फोटो काढावेत आणि प्रत्येक दगडाची जागा नकाशावर दाखवावी. त्याची एक प्रत गावातील समाजाकडे राहील, दुसरी इस्राएलमधील कुटुंबांना मिळेल.

इथे एक गंमत आहे. पाहुण्यांना हिब्रू येते, मराठी वाचता येत नाही. गावातल्या मुलांना मराठी येते, हिब्रू येत नाही. एकाच दगडावरचे एकच नाव पुरे वाचायला दोघे लागतात. म्हणून आम्ही सुचवतो की अलिबागच्या एखाद्या मराठी शाळेतील तितकीच मुले या कामात घ्यावीत आणि जोड्या लावाव्यात. नातवाला स्वतःच्या पणजोबांचे नाव कोणी तरी वाचून दाखवावे लागते. ते वाचणारा त्याच्याच वयाचा असला तर बरे.

तारखांचे गणितही दोघांना मिळून करता येईल. हिब्रू वर्ष अंकांऐवजी अक्षरांत लिहितात आणि हजाराचा आकडा बहुधा गाळतात. 5635 हे वर्ष नुसते 635 असे येते. त्यात 1240 मिळवले की इसवी सन 1875 निघतो. (ज्यू नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी एक वजा करावा लागतो.) शेजारी मराठीत इसवी सन कोरलेला असेल तर ताळा लगेच पडतो.

काम साधे दिसते, पण तयारी मोठी आहे. गवत आधीच कापून घ्यावे, आणि ते गावातल्या मजुरांना योग्य मजुरी देऊन. कोकणातल्या गवतात फुरसे आणि घोणस असतात. चपला घालून आलेल्या मुलाला आत सोडू नये. दगडावर आम्ल किंवा तारेचा ब्रश चालवायचा नाही, अक्षरे खडूने भरायची नाहीत. पाणी, मऊ कुंचला आणि धीर. पुसट लेख वाचायचा असेल तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर तिरप्या उजेडात पाहावा, खोलगट भाग सावलीने उठून दिसतो. आणि एक गोष्ट पत्रव्यवहारातच विचारून घ्यावी : गटात ‘कोहेन’ घराण्यातील मुलगे आहेत का? हे पुरोहितांचे वंशज, आणि परंपरेप्रमाणे ते दफनभूमीत जात नाहीत. त्यांना ऐनवेळी दाराबाहेर उभे करण्यापेक्षा नकाशा आणि नोंदवहीचे काम आधीच त्यांच्याकडे द्यावे. काम संपवून बाहेर पडताना सगळे हात धुतात, म्हणून फाटकाबाहेर पाण्याचा पिंप हवा.

प्रेक्षणीय स्थळांबद्दल आम्ही थोडक्यातच सांगतो, कारण त्यांची यादी तुम्ही छान केली आहे. सोमवारी मुंबई. मांडवीचे ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे 1796 चे सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू हे 1884 चे सिनेगॉग 2019 साली दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले. मंगळवारी सकाळी गेटवेहून लाँच, मांडव्याहून बसने अलिबाग, दुपारी नवगावचे स्मारक. बुधवार आणि शुक्रवार दुपारपर्यंत काम. गुरुवारी रेवदंडा.

या गुरुवारकडे जरा थांबून पाहू. रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग 1842 चे. पाहायला अर्धा तास पुरतो, आणि बहुतेक गटांनी तेवढाच वेळ ठेवला आहे. पण सामुदायिक प्रार्थनेसाठी ज्यू परंपरेत तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमावे लागतात. त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. दहा झाले नाहीत तर तोराची गुंडाळी उघडून वाचत नाहीत आणि मृतांसाठीची कद्दीश प्रार्थनाही म्हणता येत नाही. गावातली घरे कमी झाली की आधी दहावा माणूस मिळेनासा होतो, मग नववा. इमारत शाबूत असते, चावी सांभाळणारा असतो, फक्त दहा भरत नाहीत. आपल्या गटात चौदा मुलगे आहेत. ते नुसते आत जाऊन उभे राहिले तरी दहा भरतात! तोराचे वाचन एरवी शनिवारखेरीज सोमवारी आणि गुरुवारी सकाळी असते, आणि हनुक्काच्या आठही दिवशी असते. म्हणून रेवदंडा सकाळी ठेवा, दुपारी नको. आदल्या महिन्यात तिथल्या लोकांना कळवा, वाचन करू शकणारा मुलगा गटात आहे का हे विचारा, आणि अलिबाग-रेवदंड्यातील वडीलधाऱ्यांना बसमध्ये बरोबर घ्या. कोणाला आई-वडिलांसाठी कद्दीश म्हणायची राहिली असेल. आमच्या मते साऱ्या आठवड्यातले सर्वांत मोठे काम हेच, आणि ते कोणत्याही गटाने कामाच्या रकान्यात लिहिलेले नव्हते.

मुलींनाही आधी सांगायला हवे की कोकणातील सिनेगॉगमध्ये जुनी रीत आहे. त्या वेगळ्या भागात बसतात आणि दहांत मोजल्या जात नाहीत. काही देशांतील सुधारक पंथांत मुलींना मोजतात, त्यामुळे एखादीला ते खटकेल. वाद जरूर व्हावा, पण तो बसमध्ये, यजमानांच्या दारात नको. आणि दगडांच्या नोंदीचे पुढारीपण मुलींकडे द्यायला कोणाची हरकत असणार?

रविवार 13 ची सकाळ कुलाबा किल्ल्यासाठी. हा किल्ला ओहोटीलाच पायी गाठता येतो, आणि तिकीट काढावे लागते म्हणून शनिवारी जमत नाही. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. 13 डिसेंबर 2026 ला शुद्ध चतुर्थीच्या आसपासची तिथी येते. चारची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊच्या सुमारास. किल्ल्यावर निघायला सकाळी साडेआठ ठीक. हिब्रू महिनाही अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणून पाहुण्यांना त्यांच्याच तारखेवरून हा हिशेब करून दाखवता येईल. मात्र अष्टमीच्या आसपास पाणी पुरेसे ओसरत नाही, हे ध्यानात ठेवा, आणि छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय व स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरवू नका. पाऊणपट ही तोंडी हिशेबाची सोय आहे, हमी नाही.

किल्ल्यानंतर खंडाळे. तिथल्या खडकावरील खुणा एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या आहेत अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे, आणि तिथे मलिदा करतात : भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि फळे. सत्यनारायणाच्या प्रसादाची आठवण होईल असे ते ताट. मग मांडव्याची बोट आणि रात्रीचे विमान.

पालक आणि विश्वस्त मंडळी विचारतील म्हणून दोन गोष्टी. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईच्या हल्ल्यात नरीमन हाऊस या ज्यू केंद्रातही माणसे मारली गेली. तेव्हापासून अशा गटाचे वेळापत्रक कुठे जाहीर करत नाहीत, बसवर फलक लावत नाहीत, पोलिसांना आधी कळवतात आणि सिनेगॉगमध्ये शिरण्यासाठी पूर्वपरवानगी व ओळखपत्र लागते. तुमच्या वहीत ‘स्वागताचा बॅनर’ असेल तर तो खोडा. दुसरी गोष्ट व्हिसाची : पर्यटक म्हणून येऊन असे काम कितपत चालते, हे अर्ज करण्यापूर्वी भारतीय दूतावासाला लेखी विचारावे. औषधे, पालकांची संमतिपत्रे, सोबतचे शिक्षक हे नेहमीचेच आहे, त्यात तुम्ही तरबेज आहात.

स्वाध्याय

वरील आराखड्यात 2026 ऐवजी 2027 चा हनुक्का (पहिला दिवा शुक्रवार, 24 डिसेंबर) धरून वेळापत्रक पुन्हा मांडा आणि गर्दी कशी टाळाल ते लिहा. दगडावर 648 असे हिब्रू वर्ष असेल तर इसवी सन कोणता? पौर्णिमेच्या दिवशी कुलाबा किल्ल्यावर जायचे तर केव्हा निघाल? ज्यांना जमेल त्यांनी पालकांबरोबर अहमदाबादला जाऊन मागेन अब्राहम हे 1934 चे सिनेगॉग पाहावे. आधी फोन करून परवानगी घ्यावी, आणि शनिवारी जाऊ नये. कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड याच बेने इस्राएल समाजाचे होते, त्यांच्याविषयी दहा ओळी लिहून आणाव्यात. शेवटचे काम घरचे आहे : आजी-आजोबांच्या हातचे एखादे जुने मराठी पत्र किंवा वहीचे पान आणा आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. जे अक्षर लागणार नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवा. वह्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.